चाकाओ ओलांडताना

फेरीवरच्या केशरी जाकिटातल्या पोरानं
काचेवर टकटक केली. म्हणाला,
"मावशी, हँडब्रेक ओढा, आज पाणी उसळतंय."
मी ओढला. दोन्ही हातांनी,
भरलेलं जाळं ओढावं तसा.
सांगितलेलं काम मी नीटच करते.

शेजारी एदेल्मिरा.
माझी सख्खी बहीण, चार वर्षांत
माझ्याशी एक शब्द नाही.
मांडीवर कागदांची पिशवी,
पायाशी धुरावलेल्या शिंपल्यांची माळ,
नोटरीसाठी, म्हणजे तो सह्या लवकर उरकेल.
वडिलांचा बटाट्याचा तुकडा
दोघींत अर्धा अर्धा होणार होता
पुएर्तो मोंतला, दुपारी दोनच्या आत.

पारगुआला रॅम्प खाली आला.
गाडी उतरली, पण कुरकुरत.
मला वाटलं, चढ आहे.
चढ संपला तरी गाडी तशीच,
मग वाटलं, वारा समोरचा आहे.
मग, एदेल्मिरा जाड झाली आहे.
(हे वाटल्यावर जरा बरं वाटलं.)
मग गाडीचं वय मोजलं,
मग माझं.
एवारिस्तो गेल्यावर, अठ्ठावन्नाव्या वर्षी शिकलेली मी,
मला काय ठाऊक, गाडी केव्हा जड असते
आणि केव्हा अडवलेली.

लाल दिवा? होता ना.
एवारिस्तोनं त्याच्यावर काळी चिकटपट्टी लावली होती.
"उगाच पेटतो," म्हणायचा,
"घाबरवतो माणसाला."
आमच्या घरात बऱ्याच गोष्टींवर
त्यानं अशी पट्टी लावली होती.
मीही कधी सोलली नाही.

सामन माशांच्या खाद्याचे ट्रक
हॉर्न देत पुढे गेले.
एका ड्रायव्हरनं हात बाहेर काढून खूण केली,
मी ती शिवी समजले
आणि तशीच एक परत दिली.

अकराव्या किलोमीटरला वास.
लोकर जळल्याचा. नाही, केस.
नाही, विसरलेली इस्त्री.
एदेल्मिरानं शिंपल्या हुंगून पाहिल्या,
मग माझ्याकडे पाहिलं,
जणू मीच नासले होते.
मी माझी काच खाली केली.
तिनं तिची वर केली.
आणखी तीन किलोमीटर आम्ही हट्टानं जळत गेलो.

मग ती बोलली.
तो पहिला शब्द मी किती वेळा
तिच्या तोंडी रचून ठेवला होता:
चुकले, किंवा ताई,
किंवा निदान, तू चुकलीस.
ती म्हणाली,
"धूर."

नाल्काच्या, माणूस झाकेल एवढ्या पानांपाशी
गाडी कडेला घेतली.
मागची चाकं तव्यासारखी तापलेली.
एदेल्मिरा त्यांवर थुंकली,
लहानपणी चुलीवर थुंकायची तशी.
चर्र झालं.
बॉनेट उघडलं, त्यात बरंच काही होतं,
आम्हाला त्यातलं काय कळणार.
आत बसून ती हे ओढ, ते दाब करू लागली
आणि तेव्हा दिसली ती दांडी.
वर. अगदी वर. दोघींच्या कोपरांमध्ये,
सगळा वेळ.

"कोणी ओढला?"
"त्या पोरानं सांगितलं."
"सोडायला नाही सांगितलं?"
"नाही."
"मग बरोबर," ती म्हणाली,
आणि मला कळेना की ती हसते आहे का.

चाकं निवायला तास लागला.
नोटरी उठून गेला असणार.
त्याच्या शिंपल्या आम्ही खाल्ल्या,
माळेच्या दोन टोकांकडून.
जमिनीबद्दल अक्षर नाही.
मधेच ती म्हणाली, डाव्या गुडघ्यात पाणी झालंय.
मी म्हटलं, माझ्या उजव्या.

परतीच्या फेरीला रांग होती.
मे महिना, आमच्याकडे दिवस लवकर बुजतो.
तोच पोरगा. "हँडब्रेक, मावशी."
मी ओढला. एदेल्मिरानं त्याच्यावर
आपला पंजा ठेवला आणि डोळे मिटले.
अंधारात पट्टीच्या कडेनं
एक लाल रेघ दिसत होती.
सकाळीही असणार.

पाणी उसळत राहिलं. मला वाटलं, झोपली.
रॅम्प खडखडला तशी
तिनं बटण दाबून दांडी खाली सोडली,
डोळे न उघडता.
"चल," म्हणाली.